पोलिसाची शिट्टी

मुंबईहून कल्याणकडे जाताना डोंबिवली मागे पडली, की ठाकुर्ली हे लहानसे स्थानक लागते. ब्रिटिश अमदानीत रेल्वेने येथे वीजनिर्मितीचे मोठे केंद्र उभारले होते आणि त्या विजेवर आगगाड्या धावत असत. ते केंद्र आता बंद आहे. गाड्यांची वर्दळ मात्र कितीतरी पटींनी वाढली आहे. ठाकुर्लीला केवळ धीम्या लोकल गाड्या थांबतात. जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या या स्थानकातून न थांबता भरधाव निघून जातात.

अशी कल्पना करा, की एक मुलगा डोंबिवलीस लोकलमध्ये चढला आणि पुढच्याच स्थानकावर, म्हणजे ठाकुर्लीस, उतरला. एवढ्याशा प्रवासाला कोण तिकीट विचारतो, अशा समजुतीने त्याने पाच रुपये वाचवले होते. उतरून पाहतो तो पुलाच्या जिन्यापाशी तिकीट तपासनीस उभा, आणि त्याच्या शेजारी रेल्वे पोलीस! मुलाच्या छातीत धडकी भरली. त्याने मागचापुढचा विचार न करता फलाटावरून रुळांत उडी टाकली आणि तो पलीकडच्या बाजूला धावत सुटला.

आता आपण थोडे गणित करू. ताशी ९० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर अंतर कापते. ती २०० मीटरांवर असताना मुलाच्या दृष्टीस पडली, तर ती त्याच्यापर्यंत पोचायला अवघे आठ सेकंद लागतील. खडीत पाय रुतत असताना, रुळांवर ठेचकाळत, दोन-तीन मार्ग ओलांडायला साधारण तेवढाच वेळ हवा. गाडीच्या चालकाने मुलाला पाहताक्षणीच ब्रेक लावला, तरी शेकडो टन वजनाची ती गाडी काहीशे मीटर पुढे गेल्यावाचून थांबू शकत नाही. मोटारीप्रमाणे तिला बाजूला वळता येत नाही, हे तर उघडच आहे. शिवाय मानवी डोळ्याची एक उणीव येथे घात करते. मोठ्या आकाराची वस्तू समोरून येत असली, की ती प्रत्यक्षातल्यापेक्षा सावकाश येत आहे असे आपल्याला भासते. त्यात एका मार्गावरून गाडी जात असेल, तर तिच्याआडून दुसऱ्या मार्गावर येणारी गाडी दिसतही नाही आणि पहिलीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज ऐकूही येत नाही. आणि आपला हा मुलगा तर समोर पाहतच नाही! त्याचे सारे लक्ष मागे, पोलिसाकडे लागलेले आहे.

तिकीट नसल्याबद्दल त्याला काय भोगावे लागले असते? तिकिटाचे पैसे आणि त्यावर २५० रुपये जादा आकार. रक्कम लहान नव्हे. घरी बोलणीही खावी लागली असती. परंतु रुळांत उतरल्यामुळे त्याच्या हातून दुसरा अपराध घडला. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे रेल्वेच्या हद्दीत असा अनधिकृत प्रवेश करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आगीतून उठून फुफाट्यात पडणे ते हेच. आणि ही तर केवळ कायद्याची शिक्षा झाली. आगगाडीचे चाक दंडाची पावती फाडत नाही. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि त्यांतील फार मोठा भाग रूळ ओलांडणाऱ्यांचा होता. ती सारी पोलिसांना भिऊन पळत होती असे मुळीच नव्हे. बहुतेकांना नुसती घाई होती. पण नुसत्या घाईने जेथे एवढे प्राण जातात, तेथे घाईला भीतीची जोड मिळाल्यावर काय होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

ही भीती कोठून येते, याचा विचार केला पाहिजे. “कर नाही त्याला डर कशाला,” अशी एक म्हण आहे. मला ती पूर्णपणे खरी वाटत नाही. काहीही अपराध न केलेला मनुष्यसुद्धा गणवेशातील पोलीस अचानक पुढे उभा राहिला तर क्षणभर बिचकतो. आपल्याकडे याला इतिहास आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८६१ साली पोलिसांविषयी जो कायदा केला, त्यात प्रजेच्या सेवेपेक्षा प्रजेवरील धाक सरकारला अधिक महत्त्वाचा वाटत होता. तो धाक घराघरांत मुरला. ‘बागुलबुवा’ आणि ‘पोलीस’ हे दोन शब्द आया कित्येक पिढ्या एकाच कामासाठी वापरीत आल्या आहेत! “जेवला नाहीस तर पोलीस धरून नेईल,” असे ऐकत वाढलेल्या मुलाचे पाय शिट्टी ऐकताच आपोआप पळू लागले, तर त्यात सगळा दोष त्या मुलाचा नाही. महाराष्ट्र पोलिसांचे आजचे ब्रीदवाक्य ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण करण्यासाठी आणि दुर्जनांना आवर घालण्यासाठी, असा त्याचा अर्थ. यातील ‘सद्रक्षण’ हा शब्द आधी आला आहे, हे ध्यानात घ्या.

आता याच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने, म्हणजे शिट्टी वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहू. पळणाऱ्याला आपण का पळतो हे ठाऊक असते. पोलिसाला ते ठाऊक नसते. त्याला फक्त पाठ दिसते. त्या पाठीवरून हा तिकीट न काढलेला मुलगा आहे, की कोणाचे दागिने हिसकावून निघालेला चोर आहे, की आणखी काही भयंकर करून आलेला कोणी आहे, हे त्याने कसे ओळखावे? रस्त्यावर अडथळे लावून पोलीस वाहने तपासतात, त्याला नाकाबंदी म्हणतात. शंभरातील नव्याण्णव वाहनांत काहीच वावगे नसते आणि थांबावे लागल्याबद्दल आतील माणसे कुरकुरतात. परंतु ते शंभरावे वाहन कोणते, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर अशीच नाकाबंदी होती. शहरात दहशतवाद्यांनी हत्याकांड मांडले होते. मध्यरात्रीनंतर एक मोटार आली आणि अडथळ्यांपासून काही अंतर राखून थबकली. समोरच्यांचे डोळे दिपावेत म्हणून तिचे दिवे प्रखर केलेले होते आणि आतले चेहरे दिसू नयेत म्हणून काचेवर पाणी उडवले जात होते. पोलिसांनी थांबण्याचा इशारा दिला. मोटारीने उलट वळून पळ काढण्याचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकावर चढून अडकली. आत दोन सशस्त्र दहशतवादी होते. साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी पुढे झेप घेऊन एकाच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात घुसल्या, पण त्यांनी पकड सोडली नाही, आणि तो दहशतवादी जिवंत हाती लागला. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावच्या या वीराला २००९ च्या प्रजासत्ताकदिनी मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

हा प्रसंग तुम्ही अनेकदा ऐकला असेल. येथे तो सांगण्याचे कारण निराळे आहे. त्या रात्रीपासून नाकाबंदीवर उभ्या असणाऱ्या प्रत्येक पोलिसाच्या मनात ती मोटार कोठेतरी उभी असते. अडथळा पाहून जो आपले वाहन गर्रकन वळवतो, तो परवाना घरी विसरलेला विद्यार्थी असला, तरी त्या क्षणी तो पोलिसाला त्या मोटारीची आठवण करून देतो. ज्याची चूक राईएवढी आहे, त्याने आपण होऊन तिचा पर्वत करून दाखवण्यात कोणते शहाणपण आहे? आणि परवान्याचे म्हणाल, तर तो आता डिजिलॉकरमध्ये भ्रमणध्वनीवर दाखवला तरी चालतो.

रस्त्यावरचा पळ रुळांवरच्या पळाहून एका बाबतीत अधिक वाईट आहे. रुळांत पळणारा बहुधा स्वतःचाच जीव धोक्यात घालतो. दुचाकीवरून पळणारा दुसऱ्यांचा घालतो. ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी तेथे फिरायला आलेले वृद्ध, सायकल शिकणारी मुले, कामावरून परतणाऱ्या स्त्रिया, कडेला भाजीची टोपली मांडून बसलेली एखादी बाई. अशा रस्त्यावर एक दुचाकी ताशी ६० किलोमीटर वेगाने पळते आहे. (आमच्या लहानपणी हिला फटफटी म्हणत, तेव्हा ती आवाजाने आधी वर्दी तरी देत असे.) या वेगाने ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पोलीस किती मागे राहिला हे पाहायला चालकाने एक सेकंद मान वळवली, म्हणजे दोन वर्गखोल्यांच्या लांबीहून अधिक अंतर ती दुचाकी आंधळी धावली. पुढे काही दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत आणखी एक सेकंद जातो. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. टोपलीपुढची ती बाई मध्ये आली तर काय होईल, हे सांगायला नको. तिने कोणता गुन्हा केला होता? तिने तर शिट्टीसुद्धा ऐकली नव्हती. मागे बसलेल्या मित्राचेही तसेच आहे. पळण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो, आणि पडताना मात्र तो प्रथम फेकला जातो.

पाठलाग करणाऱ्याचा वेगही धोक्याचाच असतो, हे येथे मान्य केले पाहिजे. म्हणून अनेक देशांतील पोलीस दलांनी किरकोळ अपराधासाठी भरधाव पाठलाग करण्यावर निर्बंध घातले आहेत. आपल्याकडेही चौकाचौकांत लागलेल्या कॅमेऱ्यांमुळे वाहनाचा क्रमांक टिपता येतो आणि दंडाची सूचना घरी पोचते. ज्या पळाचा शेवट आपल्याच दारात व्हायचा, तो पळ काढून मिळवायचे काय?

तुमच्या वयाची काही मुले घरातील स्कूटर घेऊन बाहेर पडतात, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. गिअरची दुचाकी चालवायला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची, गिअर नसलेली दुचाकी सोळाव्या वर्षानंतर चालवता येते, तीही परवाना घेऊनच. तुम्ही तर सोळाही वर्षांचे नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून अपराध केला, तर २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच्या पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलगा पळतो तो वडिलांना कळू नये म्हणून, आणि न्यायालयात उभे राहावे लागते वडिलांनाच.

अडवणाऱ्या पोलिसाला चुकवायचे, नाहीतर त्याच्याशी दांडगाई करायची, या वृत्तीने किती अनर्थ होतो, याचे एक दुःखद उदाहरण मुंबईत खार येथे घडले. २३ ऑगस्ट २०१६ रोजी वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवले. मुलाने आपल्या थोरल्या भावाला बोलावून घेतले, आणि त्यानंतर झालेल्या हल्ल्यात शिंदे यांच्या डोक्याला जबर मार लागला. ३१ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. हेल्मेट! ज्या वस्तूने त्या मुलाचेच डोके वाचावे, ती का घातली नाहीस एवढेच विचारताना एका पोलिसाचा जीव गेला.

अपघात करून पळून जाणे हे तर सर्वांत निंद्य होय. ७ जुलै २०२४ रोजी पहाटे मुंबईत वरळी येथे एका मोटारीने दुचाकीवरून मासे घेऊन घरी निघालेल्या कोळी दांपत्याला धडक दिली. पत्नी मोटारीबरोबर दूरवर फरफटत गेली आणि मरण पावली. मोटार थांबली नाही. संशयित चालक पोलिसांच्या हाती लागला तो ९ जुलै रोजी. त्या खटल्यात कोणाचा किती दोष ठरेल ते न्यायालय सांगेल. पण कायदा काय सांगतो हे आपण पाहू शकतो. अपघात झाल्यावर चालकाने थांबून जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे आणि घटनेची माहिती पोलिसांना दिली पाहिजे. जखमी माणसाला मदत करणाऱ्या वाटसरूला या कामी त्रास होऊ नये, अशी तरतूदही २०१९ पासून कायद्यात आहे. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला डॉक्टर फार महत्त्व देतात. पळणारा मनुष्य तो तासच घेऊन पळतो.

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी येथे विचारील, “मग आपले क्रांतिकारक पोलिसांना चुकवीत नव्हते का?” होय, चुकवीत होते. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ पासून सुमारे चार वर्षे भूमिगत होते, आणि गावोगावच्या लोकांनी त्यांना जिवापाड जपले. परंतु ते राज्य परक्यांचे होते. त्याचे कायदे करताना आपल्याला कोणी विचारले नव्हते आणि ते बदलून घेण्याची सनदशीर वाटही आपल्याला मोकळी नव्हती. नाना पाटील स्वतःची चूक लपवीत नव्हते. परकी सत्ता उलथून टाकण्याचे काम करीत होते. आणि त्याच परक्या राज्यात लोकमान्य टिळकांनी १९०८ साली काय केले तेही पाहा. ‘केसरी’तील लेखांवरून त्यांना अटक झाली. त्यांनी न्यायालयात उभे राहून स्वतःची बाजू स्वतः मांडली, सहा वर्षांची शिक्षा ऐकली आणि मंडालेचा तुरुंग पत्करला. विनातिकीट प्रवास करून रुळांत उडी टाकणाऱ्याने यांपैकी कोणाचेही नाव घेऊ नये, हे बरे.

जो थांबतो, त्याच्या बाजूने आजचा कायदा बरेच काही करतो. हे शाळेत फारसे शिकवले जात नाही. ते शिकवले असते, तर कित्येक पाय जागीच थांबले असते असे मला वाटते. पोलिसाने अटक करताना आपले नाव दिसेल अशी पट्टी लावलेली असली पाहिजे. अटक का केली हे सांगितलेच पाहिजे, आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. यांतील महत्त्वाच्या गोष्टी आपल्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच लिहिलेल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते, की अटक झालेल्याला, तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच जखडावे, त्याहून अधिक नाही. देहान्त किंवा जन्मठेप होण्याजोग्या गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याला पकडताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार पोलिसाला नाही. एखादा पोलीस या मर्यादा ओलांडीत असेल, तर त्याच्याविरुद्ध वरिष्ठांकडे आणि न्यायालयात दाद मागता येते. पण दाद मागण्यासाठी आधी मनुष्य सुखरूप असावा लागतो. कायदेशीर ताब्यातून पळून गेल्यास मात्र तो निराळाच गुन्हा ठरतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आहे.

तेव्हा शिट्टी ऐकू आली, तर जागेवर थांबावे. वाहनावर असाल, तर मागच्या वाहनांना अडचण होणार नाही असे कडेला घ्यावे. हात दिसतील असे ठेवावेत, विचारले असता नाव व पत्ता खरा सांगावा, आणि “माझ्या घरी कळवा,” असे निःसंकोच म्हणावे. दंड भरला तर पावती मागून घ्यावी. पोलिसाचे म्हणणे चुकीचे वाटत असेल, तर ते तेथेच, परंतु शांतपणे, सांगावे. अडवणारी व्यक्ती खरोखर पोलीस आहे की नाही अशी शंका आली, तर ओळखपत्र पाहायला मागावे, वर्दळीच्या जागी उभे राहावे आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा स्वतंत्र क्रमांक आहे.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याने व्यवस्थाच वेगळी केली आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांशी वागण्याचे खास शिक्षण घेतलेला एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि त्याच्या आईवडिलांना कळवावेच लागते. त्याच्यापुढे येणारा हा अधिकारी साध्या कपड्यांत असावा, असा नियम आहे. कारण गणवेश पाहून मूल घाबरते, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते.